कुलूप लावलं, पण किल्ली कुठे ठेवली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात बंदूक असेल तर ती कुलपातच ठेवली पाहिजे असा कायदा असावा की नसावा, यावरचा वाद बरेच दिवस वाचतोय, ऐकतोय आणि आता राहवत नाहीये म्हणून हे पत्र. मी स्वतः नेमबाजी करतो, वीस वर्षं झाली. घरात एक रायफल आणि एक पिस्तूल आहे, दोन्हीचं लायसन्स आहे. म्हणजे असा कायदा आला तर तो ज्यांना लागू होणार त्यातलाच मी एक, लांबून सल्ला देणारा नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की कायदा पाहिजे. पण आत्ता जो वाद चाललाय तो सगळा कुलपाभोवती फिरतोय, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे माणसं मरतात ती कुलूप नसल्यामुळे जेवढी, तेवढीच किल्लीमुळेही. किल्ली कुठे असते, कोणाला माहिती असते, वाईट दिवशी ती कोणाच्या हातात असते, हे कुणी विचारतच नाही.

आधी माझ्या घरात काय झालं ते सांगतो. बंदुका मी लोखंडी कपाटात ठेवायचो, चांगलं जाड पत्र्याचं कपाट, काडतुसं वेगळ्या ड्रॉवरमध्ये, त्यालाही कुलूप. किल्ली वरच्या फळीवर, जुन्या हिशोबाच्या वह्यांच्या मागे. बायकोला आणि मलाच माहिती, असं मी मनात धरून चाललो होतो. सुट्टीत भाचा राहायला आला होता, नऊ वर्षांचा. एका दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो आणि तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, तळहात पुढे करून, त्यावर लाल दोरा बांधलेली किल्ली. म्हणाला, "मामा, तुझी बंदुकीची चावी खाली पडली होती." मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं की ही कसली चावी आहे. विचारलं तुला कसं कळलं रे, तर म्हणाला, "तू घेतोस ना रोज सकाळी, स्टूलवर चढून." त्याने काही उघडलं नव्हतं, कशाला हात लावला नव्हता, उलट प्रामाणिकपणे चावी आणून दिली होती. पण माझ्या हातापायातलं बळच गेलं. रात्रभर झोप नाही. तो काही शोधायला गेला नव्हता हो, मुलं शोधत नाहीत, मुलं फक्त बघत असतात, आणि आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाहीये.

नंतर मी यावर जे मिळेल ते वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे माझ्या एकट्याच्या घरातलं नाही. अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास छापून आला, त्यात घरात बंदूक असलेल्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं विचारलं होतं. जे आईवडील म्हणाले की आमच्या मुलांना बंदूक कुठे असते ते माहिती नाही, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी सांगितलं, आम्हाला माहितीये. आणि जे म्हणाले आमच्या मुलाने बंदुकीला कधी हात लावला नाही, त्यांच्यापैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी सांगितलं, लावलाय. हे खोटं बोलणारे आईवडील नव्हेत, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं ना.

यावर आमच्यातले बरेच जण म्हणतात की कायदा कशाला, मुलांना शिकवा, बंदूक दिसली तर हात लावायचा नाही आणि मोठ्यांना सांगायचं. शिकवलंच पाहिजे, मीही शिकवतो. पण २००१ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता तो मला विसरता येत नाही. आठ ते बारा वर्षांची ६४ मुलं, दोन-दोन तीन-तीनच्या २९ गटांत एका खोलीत सोडली, ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल लपवलेलं, अर्थात गोळी नसलेलं, आणि काचेआडून मोठी माणसं बघतायत. २१ गटांना पिस्तूल सापडलं, १६ गटांनी ते हातात घेतलं, १० गटांत कुणीतरी ट्रिगर दाबला. आणि ज्यांनी हाताळलं त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीबद्दल काय करायचं काय नाही ते आधी शिकवलेलं होतं. म्हणजे मुलं बिघडलेली होती असं नाही, ती मुलंच होती. कुतूहल हे शिकवणीपेक्षा मोठं असतं त्या वयात, आणि ते असायलाच हवं, फक्त त्याच्या आड आपलं कुलूप यायला पाहिजे.

आता किल्लीबद्दल. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गिलफर्ड नावाचं गाव आहे. ३१ जानेवारी २०१८ ला तिथे ईथन साँग नावाचा १५ वर्षांचा मुलगा मित्राच्या घरी गोळी लागून गेला. मित्राच्या वडिलांच्या बंदुका बेडरूमच्या कपाटात एका प्लॅस्टिकच्या डब्यात होत्या. त्यांना ट्रिगर लॉक, म्हणजे ट्रिगर दाबता येऊ नये म्हणून त्यावर बसवायची छोटी कुलपं, लावलेली होती. आणि त्या लॉकच्या किल्ल्या त्याच डब्यात होत्या, काडतुसंसुद्धा त्याच डब्यात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती ओळ दोनदा वाचली. त्या माणसाने कुलूप लावलं होतं, म्हणजे त्याच्या मनात कुठेतरी काळजी होती, पण ती काळजी डब्याच्या झाकणापर्यंतच पोचली. आणि त्यावेळचा तिथला कायदा फक्त भरलेल्या बंदुकीला लागू होता, ही बंदूक भरलेली नव्हती, म्हणून त्या कायद्याखाली बंदुकीच्या मालकावर गुन्हाच लागू शकला नाही. पुढच्या वर्षी, २०१९ साली, आईवडिलांनी जिवाचं रान करून कायदा बदलून घेतला, आता भरलेली असो नसो, सुरक्षितच ठेवावी लागते. त्या कायद्याला लोक ईथनचं नाव घेऊनच ओळखतात.

जर्मनीतलं विनेंडेन माझ्या जास्त जवळचं वाटतं कारण तो बाप माझ्यासारखाच शूटिंग क्लबचा मेंबर होता. ११ मार्च २००९, १७ वर्षांच्या मुलाने आपल्या जुन्या शाळेत जाऊन आणि मग बाहेर पळताना मिळून १५ जणांना मारलं. बापाकडे भरपूर बंदुका होत्या आणि त्या तिजोरीत होत्या, कायद्याप्रमाणे. एक पिस्तूल तेवढं बेडरूमच्या कपाटात होतं. एक. पंधरा जीव त्या एका पिस्तुलाने गेले. बापाला कोर्टाने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी धरलं, शिक्षा स्थगित ठेवली, आणि जर्मनीने त्याच वर्षी कायदा कडक केला, आता अधिकारी न सांगता येऊन बंदूक कशी ठेवलीये ते तपासू शकतात. आणि बेलग्रेडमध्ये मे २०२३ मध्ये शाळेत गोळ्या चालवणारा मुलगा १३ वर्षांचा होता, वडिलांची पिस्तुलं तिजोरीत होती, कोड टाकून उघडणाऱ्या. मुलाला कोड माहिती होता.

बघा, तीन घरं. एकात किल्ली डब्यातच, एकात एक बंदूक बाहेर राहिलेली, एकात कोड मुलाला ठाऊक. तिन्ही घरांत कुलूप होतं.

म्हणून मला जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या कोर्टाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल फार मोलाचा वाटतो, आपल्याकडे त्यावर कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात आलं नाही. एक शिकारी फिरायला गेला, घरी चोरी झाली. बंदुकांची तिजोरी नियमाप्रमाणे होती, पण तिची किल्ली त्याने दुसऱ्या एका साध्या स्टीलच्या पेटीत ठेवली होती, नंबर लॉकच्या. चोरांनी ती साधी पेटी फोडली, किल्ली घेतली आणि तिजोरी आरामात उघडली. कोर्टाने म्हटलं की किल्ली ज्या पेटीत ठेवता ती पेटीही तिजोरीइतकीच मजबूत पाहिजे. ऐकायला किचकट वाटतं, तिथल्या बंदूकवाल्यांनी नाराजीही दाखवली, पण विचार करा, याहून सरळ गोष्ट काय आहे? तिजोरी तेवढीच पक्की जेवढी तिची किल्ली ठेवायची जागा पक्की. मला तर हे वाचून आमचं स्टूल आणि हिशोबाच्या वह्याच आठवल्या.

आता विरोधातला मुद्दा, आणि तो मी हलक्यात घेत नाही, कारण माझे नेमबाजीच्या रेंजवरचे निम्मे मित्र तेच म्हणतात. ते म्हणतात रात्री घरात कुणी शिरलं तर मी किल्ली शोधत बसू का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे २००८ साली नेमका हाच प्रश्न होता. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून नियम होता की घरातली बंदूक रिकामी करून तिचे भाग सुटे करून ठेवायचे, नाहीतर ट्रिगर लॉक लावायचं. शहराच्या वकिलाने सांगितलं की लॉक काढायला मला तीन सेकंद लागले, तर सरन्यायाधीश म्हणाले, म्हणजे आधी दिवा लावायचा, मग वाचायचा चष्मा घ्यायचा. कोर्टात लोक हसले. निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला आणि तो नियम रद्द झाला, कारण त्यात स्वतःच्या बचावासाठीसुद्धा लॉक काढायची मुभा दिसत नव्हती. पण त्याच निकालात हेही लिहिलंय की अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे कायदे या निकालाने बेकायदा ठरत नाहीत. हे दुसरं वाक्य वादात कुणी सांगत नाही. पहिलंच सांगतात.

आणि चांगल्या लिहिलेल्या कायद्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९८ पासून कायदा आहे, बंदूक अंगावर असेल किंवा तुमच्या ताब्यात असेल तर कुलपाची सक्ती नाही, ठेवून दिलीत की कुलूप. सॅन फ्रान्सिस्कोचा नियमही असाच, तो २०१४ साली वरच्या कोर्टात टिकला आणि २०१५ ला सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे ज्याला खरंच जिवाची भीती आहे त्याने जवळ बाळगावी, कायदा आड येत नाही. कायदा आड येतो तो उशाखाली ठेवून ऑफिसला जाणाऱ्याच्या. बोटाचा ठसा घेऊन उघडणाऱ्या छोट्या पेट्या आता सगळीकडे मिळतात, काही सेकंदात उघडतात, रोज उघडायला किल्लीची भानगड नाही आणि बोट कुणी फळीवर विसरत नाही. मी आता पिस्तुलाला तीच घेतलीये. पण एक खरं सांगतो, स्वस्तातल्या काही पेट्या जोरात आपटल्या तरी उघडतात, म्हणून कायद्याने नुसतं "कुलूपबंद" म्हणून भागत नाही, कुठल्या दर्जाची पेटी ते लिहायलाच लागेल.

दुसरी एक तक्रार मला पटत नाही ती म्हणजे हा आमच्यावर अविश्वास आहे. अहो, रेंजवर आपण काय करतो? फायरिंग झालं की बोल्ट मागे, गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, चेंबर म्हणजे गोळी बसते ती जागा डोळ्यांनी बघायची, आणि ती नारिंगी रंगाची सेफ्टी दोरी चेंबरमधून नळीत घालायची, जेणेकरून लांबून कुणालाही दिसावं की यात गोळी नाही. ती दोरी घातल्याशिवाय रायफल जागेवरून हलवायची नाही. मेडल जिंकलेल्या माणसालासुद्धा हाच नियम. तिथे कुणी म्हणतं का की माझ्यावर अविश्वास दाखवला? उलट नवीन मुलगा आला की आपणच त्याला पहिल्या दिवशी ती दोरी दाखवतो. घरी तर रेंजपेक्षा जास्त माणसं वावरतात, मुलं, पाहुणे, काम करायला येणारी माणसं, मग घरी आल्यावर शिस्त कमी का व्हावी.

अंमलबजावणी कशी करणार, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि कायद्याच्या बाजूचे लोक तो टाळतात. जपानमध्ये बंदुकीचं लॉकर वेगळं, काडतुसांचं वेगळं, आणि पोलिस दरवर्षी तपासतात. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर सगळ्या राज्यांनी मिळून जे नियम ठरवले त्यातही कुलूपबंद जागा आणि काडतुसं वेगळी हे आलं, ते नीट नसेल तर लायसन्सच धोक्यात. तिथे लायसन्स आहे म्हणून तपासणी आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तशी तपासणी नाही, पोलिस उगाच घरात शिरू शकत नाहीत, त्यामुळे कायदा जागा होतो तो मूल गेल्यावर. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत नोव्हेंबर २०२१ मध्ये चार विद्यार्थी गेले, बापाने पिस्तूल चार दिवस आधीच आणलं होतं. तेव्हा त्या राज्यात सुरक्षित ठेवण्याचा कायदाच नव्हता, म्हणून सरकारी वकिलांना आईबापांवर मनुष्यवधाचा खटला भरावा लागला, दोघांना २०२४ च्या एप्रिलमध्ये १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कायदा लागू झाला, अर्थात त्या चौघांना त्याचा काय उपयोग.

ज्या बापाचं स्वतःचंच पोर गेलं त्याला आणखी जेलमध्ये घालायचं का, हे मला अवघड जातं आणि मी याचं उत्तर छातीठोकपणे देऊ शकत नाही. पण अभ्यास काय सांगतात ते बघितलं पाहिजे. बंदूक मुलाच्या हाती लागू दिली म्हणून मालकाला शिक्षा करणारा पहिला कायदा १९८९ साली फ्लोरिडात आला. ज्या १२ राज्यांत सुरुवातीला असे कायदे झाले तिथे १५ वर्षांखालच्या मुलांचे अपघाती मृत्यू २३ टक्क्यांनी कमी दिसले, असं १९९७ चा अभ्यास सांगतो. नंतरच्या एका अभ्यासात असं निघालं की हा फरक मुख्यतः फ्लोरिडात, जिथे शिक्षा कडक होती. म्हणजे लुटुपुटूचा दंड ठेवून उपयोग नाही. रँड ही संस्था या विषयावरचे सगळे अभ्यास चाळून पुरावा किती पक्का ते ठरवते, त्यांनी मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून केलेल्या या कायद्यांना वरच्या दर्जाचा पुरावा दिलाय, बंदुकीच्या विषयात असं फार थोड्या कायद्यांच्या वाट्याला आलंय. माझं मत विचाराल तर शिक्षा मूल गेल्यावर सुरू होता कामा नये, विक्रीच्या टेबलावर सुरू व्हावी जबाबदारी. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने दुकानदाराने पिस्तुलाबरोबर लॉक द्यायचंच असं केलंय, पण घेणाऱ्याने ते लावायचं असं त्यात कुठेच नाही. किती लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून असतील. दुकानदाराने देताना समोर बसवून लावून दाखवायला काय जातं, दोन मिनिटं. आणि त्याच दोन मिनिटांत विचारावं, याची किल्ली घरात कुठे ठेवणार?

आता मला ज्याच्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ती गोष्ट. वाद सगळा लहान मुलांच्या अपघातावर आणि शाळेतल्या गोळीबारावर चालतो, कारण त्या बातम्या मोठ्या होतात. पण अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातली २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. ही माणसं पेपरात पहिल्या पानावर येत नाहीत. ती घरातल्याच बंदुकीने जातात, कधी वडिलांच्या, बऱ्याचदा स्वतःच्याच, लायसन्स असलेल्या, नीट साफ केलेल्या.

ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचले त्यांना विचारलं की मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला, तर ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांनी सांगितलं दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. दहा मिनिटं. आणि वाचलेल्यांपैकी दहातले नऊ नंतर आत्महत्येने जात नाहीत, ते जगतात, म्हातारे होतात. पण बंदूक जवळ असली तर वाचायची संधी बहुतेक मिळतच नाही. म्हणून ती दहा मिनिटं जिंकायची असतात. कुलूप हे त्यासाठी आहे, आणि किल्ली लांब असणं हे त्याहून जास्त त्यासाठी आहे. इस्रायलच्या सैन्यात २००६ साली ठरवलं की आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना सैनिकांनी बंदूक छावणीतच ठेवायची, सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांचं दुःख कमी झालं नव्हतं, फक्त त्या दोन दिवसांत बंदूक हाताशी नव्हती.

मुलांसाठीचे कायदे चौदा ते सतरा वयाच्या आत्महत्यांवरही परिणाम करतात, २००४ च्या अभ्यासात ८.३ टक्के घट दिसली. पण घरातल्या मोठ्या माणसाचं काय, ज्याच्या खिशातच किल्ली आहे? त्याला कुठलाच कुलपाचा कायदा वाचवू शकत नाही. त्याला वाचवायचं तर कायद्याने एक दार उघडं ठेवायला पाहिजे, की माझं मन ठिकाणावर नाही, काही दिवस ही बंदूक दुसरीकडे ठेवा, असं कुणी म्हटलं तर त्याला अर्ज-विनंत्या, चौकशा, लायसन्स जाण्याची भीती हे काहीही नसावं. काही ठिकाणी मित्राकडे तात्पुरती बंदूक ठेवायला दिली तरी तो बेकायदा व्यवहार ठरू शकतो, हे बदललं पाहिजे आधी. कोलोरॅडोत २०१९ पासून एक नकाशा करून ठेवलाय, कुठली दुकानं, कुठल्या रेंज, कुठली पोलिस ठाणी स्वतःहून आणलेली बंदूक काही काळ ठेवून घेतात त्याचा. खर्च जवळपास काहीच नाही. मला वाटतं सक्तीच्या कलमांएवढंच हे कलम महत्त्वाचं आहे, आणि यावर बंदूकवाले आणि कायदेवाले भांडायचं कारणच नाही. पुरुष माणूस, त्यातून शस्त्र बाळगणारा, मला मदत पाहिजे असं म्हणणार नाही, पण माझी किल्ली सांभाळ एवढं म्हणू शकतो. मी स्वतः ऐकलंय.

रेंजवरचा माझा एक जुना मित्र आहे, नाव लिहीत नाही. दीड वर्षापूर्वी त्याची बायको गेली. त्यानंतर तो रेंजवर यायचा पण बोलायचा नाही, टार्गेटचा कागद न बघताच घरी जायचा. एका संध्याकाळी घरी आला, बसला नाही, दारातच खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. तिजोरीची किल्ली होती. म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. काही विचारू नकोस." मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री फोन मात्र करायला लागलो, आणि दोन आठवड्यांनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. तेव्हा मला समजलं की एवढी वर्षं मी ज्या किल्लीला मुलांपासून लपवत होतो ती कधीकधी स्वतःपासूनही लांब ठेवायची असते, आणि हे त्याला न शिकवता सुचलं.

गेल्या महिन्यापासून तो पुन्हा दर रविवारी येतोय, क्लबची रायफल घेऊन नेम धरतो, परवा टार्गेटचा कागद स्वतः काढून मला दाखवायला घेऊन आला. किल्ली अजून माझ्या पेटीत आहे, त्याच रुमालात. तो मागत नाही आणि मी विषय काढत नाही.

आपला,
एक नेमबाज वाचक